आमच्या गावच्या अनुदानाची यादी मी कशी मिळवली

कृषी खात्याच्या योजनांचं अनुदान आमच्या गावात कोणाला मिळालं, किती मिळालं आणि कोणाचे अर्ज कुठे अडले, याची यादी मी माहिती अधिकारात मागवली. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्ज दिला, डिसेंबर संपता संपता कागद हातात आले. त्यानंतर शेजारच्या गावांतल्या बायकांचे फोन यायला लागले, "आमकापण सांग गो, कसां केलंस तां." फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून क्रमाने लिहून ठेवते. तालुक्याचं नाव लिहीत नाही. त्या कार्यालयात मला मदत करणारीही माणसं भेटली आणि टोलवणारीही, आणि तशी ती कुठल्याही तालुक्यात भेटतील.

आमचं गाव खाडीकाठी. खाली भाताचे कुणगे, वर काजू-आंब्याची कलमं, त्याच्याही वर कातळ. आम्ही काही बायका काजूच्या हंगामात बी एकत्र करून विकतो, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी आमची बैठक होते. जून २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता उठल्यावर शाळेत खरिपाची सभा झाली. कृषी सहाय्यक म्हणाले, "तुमच्या गावातून अर्जच येत नाहीत. लक्षांक शिल्लक राहतो." लक्षांक म्हणजे त्या वर्षी किती जणांना अनुदान द्यायचं, तो ठरलेला आकडा. आमच्यातल्या बऱ्याच जणींनी महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या योजनांच्या ऑनलाइन पोर्टलवर, अर्ज केले होते, प्रत्येक अर्जाचे २३ रुपये ६० पैसे भरल्याच्या पावत्या घरात होत्या. त्यांना ते वाक्य फार लागलं. दुसरीकडे गावात कायमचं बोलणं असं की अनुदान ठरलेल्या घरांनाच मिळतं. आता अर्जच येत नसतील तर ठरलेल्या घरांना तरी कसं मिळतं? या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नव्हत्या. यादी पाहिल्याशिवाय यावर बोलण्यात अर्थ नाही, असं मला वाटलं.

पहिलं काम घरबसल्या होण्यासारखं होतं. महाडीबीटीच्या शेतकरी योजनांच्या पोर्टलवर 'निधी वितरित लाभार्थी यादी' म्हणून एक जागा आहे. तिथे जिल्हा, तालुका, गाव निवडलं की नावं दिसतात. त्यासाठी लॉगिन लागत नाही. पीएम किसानच्या पोर्टलवरही गावनिहाय लाभार्थी यादी अशीच उघडी आहे. वर्षाला ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते, कोणाला मिळतात ते कोणीही पाहू शकतं. हे आमच्या गावात जवळपास कोणालाच माहीत नव्हतं. तुम्ही काही करणार असाल तर आधी या दोन याद्या बघा आणि पानांचे स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा. मला ते पुढे सुनावणीत उपयोगी पडले.

पोर्टलवर यांत्रिकीकरणाची, म्हणजे पॉवर टिलर, ग्रास कटर अशा यंत्रांसाठी अनुदान मिळालेल्यांची, नावं मिळाली. दोन गोष्टी मात्र नव्हत्या. एक म्हणजे ज्यांची सोडतीत निवड झाली पण पुढे अर्ज रद्द झाले, त्यांची कारणं. दुसरी म्हणजे भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेच्या सुरुवातीच्या वर्षांच्या फाइली. ही योजना २०१८-१९ मध्ये आली. तेव्हा आमच्याकडे अर्ज कागदावर दिलेले होते. कोकणासाठी तिच्यात वेगळी मर्यादा आहे, कमीत कमी १० गुंठे आणि जास्तीत जास्त १० हेक्टर, त्यामुळे आमच्यासारख्या तुकड्या-तुकड्यांच्या जमिनीलाही ती चालते. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं. कोणाला कुठला हप्ता मिळाला आणि कोणाचा राहिला, हे फक्त कार्यालयातल्या फाइलीत होतं.

घरात सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगो, कोणाच्या पोटार पाय देऊ नको." हे वाक्य मी मनात धरून ठेवलं आणि ते बरं झालं. मला कोणाचं अनुदान बंद करायचं नव्हतं. म्हणून अर्ज देण्याआधीच आमच्या बैठकीत ठरवलं की यादी आली की ती आधी सगळ्यांसमोर ठेवायची, कोणा एकट्याला दाखवायची नाही, आणि कोणाचा बँक खाते क्रमांक, आधार क्रमांक मागायचाच नाही.

आता अर्जाबद्दल. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ चा. महाराष्ट्रात त्यासाठी 'जोडपत्र अ' हा नमुना आहे. साध्या कागदावर हाताने लिहिला तरी चालतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. तो तहसील कार्यालयाबाहेरच्या मुद्रांक विक्रेत्याकडे मिळतो. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर त्याची प्रत जोडायची, मग फी नाही. राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांत मजकूर हवा. म्हणून मी दोन अर्ज केले, एक यांत्रिकीकरणाचा आणि एक फळबागेचा. यांत्रिकीकरणाच्या अर्जातला मजकूर असा होता:

"कालावधी १ एप्रिल २०२१ ते ३१ मार्च २०२४. आमच्या गावातील ज्या अर्जदारांना कृषी यांत्रिकीकरण योजनांचे अनुदान वितरित झाले, त्यांची नावे, घटक, अनुदानाची रक्कम व वितरणाचा दिनांक असलेल्या यादीची प्रत मिळावी. याच कालावधीत निवड होऊन नंतर रद्द झालेल्या अर्जांची यादी, रद्द होण्याचे कारण नमूद असलेल्या नोंदीसह मिळावी. आधार क्रमांक, बँक खाते क्रमांक व मोबाईल क्रमांक झाकून द्यावेत."

यात 'का' हा शब्द नाही, हे मुद्दाम. "अमक्याचा अर्ज का रद्द केला?" असं विचारलं की "प्रश्नार्थक माहिती देता येत नाही" असं उत्तर येतं. कायद्यात माहिती म्हणजे कार्यालयाकडे असलेला कागद, नोंद, फाइल. म्हणून कारण विचारू नका, कारण लिहिलेल्या कागदाची प्रत मागा. कालावधीही आटोपशीर ठेवा. वीस वर्षांचं मागितलं की मनुष्यबळ नाही असं उत्तर मिळतं, आणि ते पुष्कळदा खरंही असतं.

१३ ऑगस्ट २०२४ ला एसटीने तालुक्याला गेले. मार्च २०२३ पासून आम्हां बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे या सगळ्या खेपांचा खर्च जमला. नाहीतर कागदापेक्षा गाडीभाडंच जड झालं असतं. आवक-जावकच्या टेबलावर अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. "ठेवून जा, नंतर नंबर देतो" असं कोणी म्हटलं तर तिथेच बसून राहा. ती पोच हाच तुमचा पुरावा, तीस दिवस तिथून मोजले जातात. टेबलावरच्या बाईंनी अर्ज वाचला आणि हळूच विचारलं, "ताई, कोणाची तक्रार आहे का?" मी नाही म्हटलं. कलम ६(२) प्रमाणे अर्जदाराला कारण सांगावं लागत नाही, पण मी सांगितलं, आम्हांला पुढच्या वर्षी अर्ज नीट करायचे आहेत. त्यांनी मान डोलावली आणि शिक्का मारला.

मग वाट पाहणं. या काळात करण्यासारखं काही नसतं. ७ सप्टेंबरला गणपती आले, मुंबईकर आले, घरं भरली. त्या दिवसांत यादीची बातमी वाडीवाडीत पोचली होती. आरतीला गेले की बोलणं थांबायचं, असं दोन घरांत झालं. तेव्हा फार एकटं वाटलं. ज्यांच्याशी रोजचं येणंजाणं, त्यांना आपण संशय घेतो असं वाटावं, याचं दुःख झालं. एका घरी मी थेट विषय काढला आणि अर्जाची प्रत दाखवली. त्या वहिनींनी सगळी वाचली, "म्हणजे आमचो खातो नंबर नाय ना मागूक?" एवढंच विचारलं आणि मग चहा ठेवला. त्यानंतर प्रत पिशवीतच ठेवायला लागले, कोणी विचारलं की दाखवायची.

१९ सप्टेंबरला पोस्टाने उत्तर आलं. दोन्ही अर्जांना एकच: मागितलेली माहिती त्रयस्थ पक्षाची व वैयक्तिक स्वरूपाची असल्याने कलम ८(१)(ञ) अन्वये देता येत नाही. खाली अपिलीय अधिकाऱ्याचं पद आणि पत्ता. नकार वाचून हात गळाठतात, पण तो पत्ता लिहिलेला असणं ही चांगली गोष्ट आहे. तो नसेल तर तेवढ्यासाठी आणखी एक खेप होते.

इथे मी थोडं वाचन केलं, आणि त्यातला महत्त्वाचा भाग सांगते. याच कायद्याच्या कलम ४(१)(ख) मध्ये सतरा बाबी आहेत, ज्या प्रत्येक कार्यालयाने कोणी न मागता स्वतःहून जाहीर करायच्या असतात. त्यातली बारावी बाब म्हणजे अनुदानाच्या कार्यक्रमांची अंमलबजावणी कशी होते, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, याचा तपशील. म्हणजे मी मागितलेली यादी मुळात भिंतीवर किंवा संकेतस्थळावर असायला हवी होती. आणि कलम १० सांगतं की कागदाचा काही भाग देण्यासारखा नसेल तर तेवढा झाकून उरलेला द्यावा. माझ्या अर्जात तेच लिहिलेलं होतं.

वाचताना एक गोष्ट कळली की हा वाद फक्त आपल्याकडचा नाही. युरोपीय संघात शेती अनुदान घेणाऱ्यांची नावं जाहीर व्हायची. ९ नोव्हेंबर २०१० ला तिथल्या न्यायालयाने, व्यक्तींच्या खाजगीपणाचा विचार न करता सरसकट नावं छापणं रद्द ठरवलं. मग २०१३ च्या नव्या नियमांत नावं पुन्हा जाहीर करायचं ठरलं, पण वर्षाला १,२५० युरोपेक्षा कमी घेणाऱ्या लहान शेतकऱ्यांची नावं झाकून. मला यात विचार करण्यासारखं दिसलं. आमच्या गावातल्या रकमा लहानच आहेत. तरीही नाव आणि रक्कम कळायला हवी असं माझं मत झालं. लहान गावात नाव झाकलं तरी माणूस ओळखू येतो, आणि नाव झाकलेलं असलं की लोक त्या जागी मनाला येईल ते नाव घालतात. पण गट क्रमांक आणि खाते क्रमांक सगळ्यांसमोर जायची गरज नाही, हेही तेव्हाच पक्कं केलं.

पहिलं अपील 'जोडपत्र ब' मध्ये. नकार मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत द्यायचं, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, सोबत मूळ अर्ज, पोच आणि नकाराच्या पत्राची प्रत. २७ सप्टेंबरला उपविभागीय कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात दिलं. अपिलात मी तीनच मुद्दे लिहिले: कलम ४ ची बारावी बाब, कलम १०, आणि खात्याच्याच पोर्टलवर अशा लाभार्थ्यांची नावं आजही दिसतात, ही गोष्ट. वकील लागला नाही. ज्यांना लिहिण्याची भीती वाटते त्यांनी कागदावर तीन वाक्यंच लिहावीत, पण मुद्द्याची लिहावीत.

अपिलाचा निकाल ३० दिवसांत, फार तर कारणं नोंदवून ४५ दिवसांत लागायला हवा. पण १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला मोजणी. कार्यालयातली निम्मी माणसं निवडणुकीच्या कामावर. ४५ दिवस उलटले की थेट राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं, त्यासाठी ९० दिवसांची मुदत असते. आपलं कोकण खंडपीठ नवी मुंबईत आहे. मी 'जोडपत्र क' भरून ठेवलं होतं. पण नोव्हेंबरच्या शेवटी सुनावणीची नोटीस आली, म्हणून ते पाठवलं नाही. आयोगाकडे गेलं की वेळ फार जातो, तेव्हा खालच्या पायरीवर काम होण्याची शक्यता असेल तर थोडं थांबावं, असं मला वाटतं. मात्र ९० दिवसांचं भान ठेवावं.

१० डिसेंबर २०२४, मंगळवार, सकाळी अकराची सुनावणी. मला रात्रभर झोप नव्हती. प्रत्यक्षात साहेबांची केबिन, समोर तालुक्याचे माहिती अधिकारी, बाजूला मी आणि माझी नणंद. साहेबांनी अर्ज वाचला आणि पहिलाच प्रश्न, "तुम्हाला ही नावं कशाला हवीत?" मी सांगितलं, "साहेब, नावांपेक्षा मला रद्द झालेल्या अर्जांची कारणं जास्त हवी आहेत. त्या अर्जदारांची नावं झाकलीत तरी चालेल. ज्यांना पैसे मिळाले त्यांची नावं तर पोर्टलवर आहेतच." आणि स्क्रीनशॉटचे कागद पुढे ठेवले. साहेबांनी ते उलटून पाहिले, माहिती अधिकाऱ्यांना विचारलं, "हे आपल्याच पोर्टलवर आहे ना?" ते हो म्हणाले. पुढचं बोलणं माहिती कशी द्यायची यावरच झालं. पाव तासात संपलं. लेखी आदेश चार दिवसांनी मिळाला: यांत्रिकीकरणाची यादी आधार, खाते, मोबाईल झाकून द्यावी, रद्द अर्जांची कारणं नावांशिवाय द्यावीत, फळबागेच्या जुन्या फाइली अर्जदाराने पाहून हव्या त्या पानांच्या प्रती घ्याव्यात.

फाइली बघण्याचा हक्क कायद्यातच आहे. शिवाय नोव्हेंबर २०१८ च्या राज्य सरकारच्या निर्णयाप्रमाणे जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहता येतात. १६ डिसेंबर सोमवारच होता. मागच्या खोलीत एका टेबलावर फाइलींचा गठ्ठा काढून ठेवलेला. प्रत्येक फाइलीत अर्ज, सातबारा, आठ अ, हमीपत्र, कलमांच्या रोपवाटिकेची पावती, मोका तपासणीचा (जागेवर येऊन केलेल्या पाहणीचा) कागद, फोटो. एका फाइलीतला सातबारा बघून मी थांबले. भोगवटादारांची नावं एक पान भरून दुसऱ्या पानावर गेली होती. त्यात माझे चुलत सासरे होते, त्यांना जाऊन पंधरा वर्षं झाली. मुंबईत असलेले, पुण्यात असलेले, सासरी गेलेल्या आत्या. पेन्सिलीने प्रत्येक नावापुढे बारीक खूण केलेली, जिथे संमती मिळाली तिथे बरोबरची. अर्ध्यापेक्षा जास्त नावांपुढे काहीच नव्हतं. फाइलीच्या वर शेरा: सहहिस्सेदारांची संमतीपत्रे अपूर्ण. पुढे काहीही झालेलं नव्हतं. टाचणीला गंज चढून तिचा डाग सातबारावर उमटला होता.

दुसरी फाइल वाडीतल्याच एका काकांची. यांच्याबद्दल गावात बोललं जायचं की काजूच्या लागवडीचे सगळे पैसे घेतले आणि बाग मोडून टाकली. फाइलीत २०१९ च्या पावसातली लागवड, कलमांभोवती जांभ्या दगडांची आळी केलेली, त्याचा फोटो. पहिल्या हप्त्याचं वाटप. नंतरचा तपासणी अहवाल: वणव्यामुळे झाडे जळाली, जिवंत झाडांचे प्रमाण कमी. या योजनेत पहिल्या वर्षी ८० टक्के आणि दुसऱ्या वर्षी ९० टक्के झाडं जगलेली लागतात, मेलेल्या जागी शेतकऱ्याने स्वखर्चाने नवीन लावायची. वणवा लागला मार्च २०२० मध्ये. लगेच टाळेबंदी. कलमं आणणार कुठून आणि माणसं आणणार कुठून? दुसरा आणि तिसरा हप्ता त्यांना मिळालेलाच नव्हता. ते पान वाचताना माझे डोळे भरून आले. चार वर्षं त्या माणसाने ऐकून घेतलं होतं.

प्रतींचे पानाला २ रुपये. ३० डिसेंबरला सगळे कागद मिळाले. स्टॅम्प, प्रती, झेरॉक्स धरून खर्च दोनशे रुपयांच्या आत राहिला, एसटी वेगळी.

यादीत काय निघालं? ठरलेली घरं वगैरे काही निघालं नाही. ज्यांना पॉवर टिलर, ग्रास कटर मिळाले त्यांच्यात एक गोष्ट सारखी होती: बहुतेकांचा सातबारा एकट्याच्या किंवा दोन भावांच्या नावावर. रद्द झालेल्यांची कारणंही तीच ती. संमतीपत्र नाही. मुदतीत कागद अपलोड नाहीत. पूर्वसंमती (यंत्र घ्यायला खात्याची आधीची परवानगी) मिळाल्यावर वेळेत खरेदी नाही. काही जणींना निवड झाल्याचा एसएमएसच कळला नव्हता, कारण अर्जात सेवा केंद्रवाल्याचा मोबाईल नंबर घातलेला. अर्ज येत होते, निवडही होत होती, आणि निवडीनंतरच्या पायरीवर ते गळत होते. कृषी सहाय्यकांना मी हे कागद दाखवले. ते शांतपणे वाचत राहिले आणि म्हणाले, "हे मला गावनिहाय असं कधी बघायला मिळालं नव्हतं." त्यांच्याकडे कितीतरी गावं आहेत, हेही खरं.

२६ जानेवारी २०२५ च्या ग्रामसभेत यादी वाचायची ठरली. त्याआधी मी काकांकडे गेले, फाइलीची प्रत त्यांच्या हातात दिली आणि विचारलं, तुमचं वाचू की नको? त्यांनी चष्मा लावून तपासणी अहवाल दोनदा वाचला. "वाच सगळां. वणव्याचा पण वाच," म्हणाले. ग्रामसभेत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी नाव, योजना आणि रक्कम एवढंच वाचलं. काकांचं आलं तेव्हा वणव्याची तारीख आणि न मिळालेले हप्तेही वाचले. सभेत कोणी काही बोललं नाही. बाहेर पडल्यावर दोघे-तिघे त्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिले. पुढच्या पावसात काही जणांनी त्यांच्या कातळावर आळी खणायला हात लावला, अनुदानाशिवाय.

यादीच्या पुढचं काम संमतीपत्रांचं. शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा मुंबईकर असतातच. मार्च २०२५ मध्ये आम्ही वाडीवार ज्यांचे सातबारे सामाईक आहेत त्यांची यादी केली, संमतीपत्राचे मसुदे आधीच छापून ठेवले आणि होळीनंतरच्या दिवसांत सह्या घेतल्या. सगळ्यांच्या मिळाल्या नाहीत. जिथे घरातलं जुनं भांडण आहे तिथे कागद पुढे सरकत नाही, आणि तिथे माझ्याकडे उपाय नाही. ज्यांचं पटतं त्यांनी जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली संमतीने वाटप करून घ्यावं, म्हणजे दर वेळी सह्यांसाठी फिरायला नको. मयत खातेदारांच्या वारस नोंदींसाठी एप्रिल २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली, त्यात आमच्याकडची बरीच नावं लागली. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागतो, तोही काढून घ्या. महाडीबीटीवर आता सोडतीऐवजी प्रथम येणाऱ्यास प्राधान्य आहे, म्हणून कागद आधी तयार ठेवणाऱ्याला फायदा आहे. अर्जात मोबाईल नंबर स्वतःचाच घाला, हे मी प्रत्येकीला सांगते.

आता एक नवीन अडचण. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदललं, आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली वैयक्तिक माहितीच नाकारता यायची, आता तिथे नुसतं 'वैयक्तिक माहिती' एवढंच उरलं आहे. मला याची काळजी वाटते. मी घेतलेली यादी आज मागितली तर नकार देणं अधिक सोपं झालं आहे. पण कलम ४ ची बारावी बाब तशीच आहे, आणि कलम ८(२) ही आहे: जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. म्हणून यापुढे अर्जातच या दोन्ही कलमांचा उल्लेख करा, आणि यादीसोबत "आपल्या कार्यालयाने कलम ४(१)(ख)(बारा) अन्वये प्रसिद्ध केलेल्या तपशिलाची प्रत" असंही मागा. जे प्रसिद्ध करणं कार्यालयावर बंधनकारक आहे ते वैयक्तिक म्हणून झाकणं त्यांना कठीण जाईल.

२०२४-२५ च्या यादीसाठी मी तसाच अर्ज ५ जानेवारी २०२६ ला दिला आहे. पोच मिळाली. या वेळी सोबत आणखी दोन गावांतल्या बायकांनी आपापल्या गावासाठी अर्ज दिले, प्रत्येकीने स्वतःच्या अक्षरात. उत्तर जे येईल ते लिहीन.